धुक्यात पहिला हक्क कोणाचाच नाही

प्रति,
मा. महासंचालक,
नौवहन महासंचालनालय,
कांजूरमार्ग, मुंबई

विषय : धुक्यात व मुसळधार पावसात होणाऱ्या जहाज-होडी टकरी आणि दोष ठरवण्याची पद्धत

महोदय,

समुद्रात धुक्यात टक्कर झाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : दाट धुक्यामुळे अपघात. मग जहाजाची कंपनी म्हणते, होडीवर दिवा नव्हता. तांडेल वाचलाच तर तो म्हणतो, जहाज अंगावर आले. चार दिवसांनी विषय मिटतो. हे पत्र त्या वाक्याविरुद्ध आहे. धुक्यामुळे दिसत नाही, एवढेच खरे. टक्कर होते ती दिसत नसतानाही दिसत असल्यासारखे वागल्यामुळे, आणि असे कोण वागले हे शोधून काढता येते. शोधायची तयारी मात्र हवी.

मी कोकण किनाऱ्यावर राहतो. एक भाऊ परदेशी जहाजाच्या ब्रिजवर वॉच करतो आणि दुसरा ट्रॉलरवर असतो, अशी घरे आमच्याकडे नवलाची नाहीत. त्यामुळे ‘जहाजवाले’ आणि ‘होडीवाले’ असे दोन तट पाडून भांडणे आम्हाला परवडत नाही. दोन्हीकडच्या चुका आम्हाला घरातच ऐकायला मिळतात.

नियम आपल्याला सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण पत्र खुले आहे, ते बंदरावरही वाचले जाईल, म्हणून थोडक्यात मांडतो. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 15 जुलै 1977 पासून लागू झाले. ‘मर्यादित दृश्यता’ म्हणजे त्यांत फक्त धुके नव्हे. मुसळधार पाऊस, बर्फ, वाळूचे वादळ, नजर अडवणारे असे सगळे त्यात येते. आपल्याकडे कुठले आले एवढे धुके, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. थंडीच्या दिवसांत पहाटे आमच्या किनाऱ्यावर धुके उतरतेच. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात तेव्हाच्या सरींत नाळेवर उभ्या माणसाला सुकाणूवरचा माणूस दिसत नाही. नियमाच्या दृष्टीने तीही धुक्यासारखीच वेळ.

हवा स्वच्छ असताना, दोन जहाजे एकमेकांना दिसत असताना, वाट कोणी द्यायची हे ठरलेले आहे. जाळे टाकून बसलेल्या होडीला इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने वाट द्यायची, हे प्रत्येक तांडेलाला पाठ असते. पण या साऱ्या नियमांची अट एकच : दोघे एकमेकांच्या नजरेत असले पाहिजेत. नजर संपली की ते नियमही संपतात आणि 19 वा नियम लागू होतो. त्यात पहिला हक्क कोणालाच नाही, ना दोन लाख टनांच्या जहाजाला, ना जाळ्यावरच्या होडीला. प्रत्येकाने दृश्यतेला झेपेल एवढाच वेग ठेवायचा. इंजिन लगेच हाताळता येईल असे तयार ठेवायचे. पुढच्या अंगाने भोंगा ऐकू आला आणि धोका नाही अशी खात्री नसेल, तर सुकाणू ऐकेल इतक्या कमीत कमी वेगावर यायचे, गरज पडली तर थांबायचे. रडारवर समोर दिसणाऱ्या जहाजाला टाळताना, आपण त्याला मागून ओलांडत नसू तर, डावीकडे वळणे टाळायचे. आणि 35 व्या नियमाप्रमाणे आवाज द्यायचा : चालत्या जहाजाने दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, जाळ्यावरच्या होडीने एक लांब आणि दोन आखूड. 12 मीटरपेक्षा लहान होडीला हे ठरावीक भोंगे सक्तीचे नाहीत, पण दोन मिनिटांच्या आत काही ना काही ऐकू जाईल असा आवाज तिलाही करावाच लागतो.

म्हणजे धुक्यात चूक कोणाची, या प्रश्नाचे उत्तर लागते ते पाच-सहा साध्या प्रश्नांतून. वेग किती होता? पहाऱ्यावर कोण होते? भोंगा वाजला का? रडारवर दिसलेल्या ठिपक्याची दिशा आणि अंतर कोणी मांडून पाहिले का? सुकाणू कधी फिरले आणि कोणीकडे? ‘आमचा हक्क होता’ हे यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही.

उत्तरे न लागता निकाल लावायला बसले की काय होते, याची दोन जुनी उदाहरणे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. तरी ती पुन्हा पाहण्यासारखी आहेत.

29 मे 1914. पहाटे दोनच्या सुमारास ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ हे प्रवासी जहाज क्वेबेकहून लिव्हरपूलला जाताना कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत, रिमूस्कीजवळ होते. समोरून कोळसा घेऊन ‘स्टोरस्टाड’ हे नॉर्वेचे जहाज येत होते. दोघांनी एकमेकांचे दिवे पाहिले होते. मग मध्ये धुक्याचा पट्टा आला. एम्प्रेसचा कॅप्टन हेन्री केंडल याच्या हिशेबाने दोन्ही जहाजे एकमेकांना उजव्या अंगाने ओलांडणार होती. स्टोरस्टाडवर वॉचवर असलेल्या मुख्य अधिकाऱ्याच्या हिशेबाने डाव्या अंगाने. दोघांनीही आपापला हिशेब खरा धरला आणि स्टोरस्टाडची नाळ एम्प्रेसच्या कुशीत घुसली. चौदा मिनिटांत एम्प्रेस बुडाली. 1477 माणसांपैकी 1012 गेली.

चौकशीला बसले लॉर्ड मर्सी. दोन वर्षांपूर्वी टायटॅनिकची चौकशी त्यांनीच केली होती. त्यांच्या आयोगाने दोष स्टोरस्टाडवर ठेवला : धुक्यात मार्ग बदलला आणि कॅप्टनला वेळेत उठवले नाही. नॉर्वेच्या लोकांनी स्वतंत्र चौकशी केली आणि दोष केंडलवर ठेवला. टक्कर एकच आणि निकाल दोन, तेही ज्याच्या त्याच्या सोयीचे. दोन्ही चौकश्यांपुढे पुरावा होता तो मुख्यतः दोन्ही जहाजांवर वाचलेल्यांच्या आठवणींचा. धुक्यात पाहिलेल्या गोष्टींची आठवण किती भरवशाची असणार?

दुसरे उदाहरण रडारच्या काळातले. 25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ इटलीचे ‘आंद्रेआ डोरिया’ आणि स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. रडार दोघांवरही होते, आणि दोघांनीही एकमेकांना रडारवर बऱ्याच अंतरावरून पाहिले होते. आंद्रेआ डोरिया दुपारपासून धुक्यात होते. नियमाप्रमाणे भोंगा वाजत होता. पण वेग जेमतेम कमी केला होता, सुमारे 22 नॉट. रडारवरच्या ठिपक्याची वाटचाल कागदावर मांडून पाहिलेली नव्हती. स्टॉकहोम त्या वेळी धुक्याबाहेर होते. समोरच्या जहाजाचे दिवे अजून का दिसत नाहीत, याचा उलगडा तिथल्या तरुण अधिकाऱ्याला वेळेत झाला नाही. शेवटच्या क्षणी डोरिया डावीकडे वळले आणि स्टॉकहोम उजवीकडे. दोन्ही जहाजांवर मिळून 51 माणसे गेली. डोरिया दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले.

न्यूयॉर्कमध्ये साक्षी सुरू झाल्या आणि 1957 च्या जानेवारीत दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवले. दोष कोणाचा, हे कोणत्याच न्यायालयाने ठरवले नाही. रडारवर अंतराची पट्टी चुकीची वाचली गेली का, याचा वाद जाणकारांत नंतर अनेक वर्षे चालू राहिला. डोरियाचा कॅप्टन पिएरो कालामाई याला पुन्हा कधी जहाज मिळाले नाही. निकाल लागला नाही तरी शिक्षा झालीच.

या अपघाताचा धडा नियमांत मात्र उतरला. 1960 च्या नियमांना रडारच्या वापराची पुरवणी जोडली गेली. 1972 च्या नियमांत तर स्पष्ट बजावले आहे की अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवर, अंदाज बांधायचा नाही. आज इतक्या वर्षांनीही धुक्यातल्या टकरींत हाच दोष पहिल्यांदा डोके वर काढतो. पडद्यावर ठिपका दिसला की अधिकाऱ्याला वाटते आपण जहाज पाहिले. त्याने पाहिलेला असतो फक्त ठिपका. आणि लाकडी किंवा फायबरची होडी असेल तर तोही धड दिसत नाही, कारण लोखंडी जहाजासारखी ती रडारवर ठसठशीत उमटत नाही. लाटा उसळत असल्या, सरी कोसळत असल्या की तिचा ठिपका त्या गर्दीत हरवतो. म्हणून ‘रडारवर काही नव्हते’ हे जहाजाचे उत्तर पुरेसे मानता कामा नये. मासेमारीच्या पट्ट्यातून, पावसात, पूर्ण वेगाने जाताना रडारवर काही दिसत नसेल, तर वेग कमी करण्याचे ते एक कारणच झाले. भरलेले मोठे जहाज पूर्ण वेगात असले की इंजिन उलटे फिरवूनही एक-दोन सागरी मैलांत जेमतेम थांबते. होडी समोर दिसेपर्यंत वाट पाहणाऱ्याने निर्णय केव्हाच घेऊन टाकलेला असतो.

आता दुसरी बाजू, आणि ती आमच्याच घरातली. पहाऱ्याचा पाचवा नियम प्रत्येक नौकेला लागू आहे, नांगरून पडलेल्या होडीलासुद्धा. तो डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायला सांगतो. दिवसभर जाळी ओढून सगळे खलाशी झोपतात आणि वर कोणी जागे नसते, असे आपल्याकडे होते. मासे गोळा करायला लावलेल्या झगझगीत दिव्यांच्या प्रकाशात होडीचे नियमाचे दिवे बुडून जातात. भोंगा असलाच तर बॅटरी उतरलेली असते. जहाजांच्या ठरलेल्या वाटेत नांगर टाकू नये हे माहीत असूनही मासळी तिथे आहे म्हणून टाकला जातो. एवढे करून ‘होडीला वाट द्यायलाच हवी होती’ म्हणणे धुक्यात टिकत नाही. आणि हे नाखव्यानेच आपल्या माणसांना सांगायला हवे, कारण बुडते ती होडी.

म्हणून दोष बहुतेक वेळा दोघांचा असतो, प्रमाण वेगळे असते. कायद्यालाही हे फार उशिरा कळले. जुन्या इंग्लिश नौकाधिकरणाच्या रिवाजात दोघेही चुकले की नुकसान निम्मे-निम्मे वाटायचे, मग एकाची चूक शेराची असो की छटाकाची. 1910 च्या ब्रसेल्स कराराने ते बदलले : ज्याचा जितका दोष, त्याचा तितका वाटा. दोषाचे प्रमाण ठरवताच येत नसेल तरच सारखी वाटणी. आपल्या 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्यातही कलम 345 मध्ये हेच तत्त्व होते. 2025 मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे.

तत्त्व न्याय्य आहे. पण प्रमाण पुराव्यावर ठरते, आणि अडचण नेमकी इथे आहे. जहाज आणि होडी यांच्या टकरीत जवळजवळ सगळा पुरावा एकाच बाजूच्या ताब्यात असतो. जहाजावर प्रवासाची नोंद ठेवणारे यंत्र असते. वेग, दिशा, रडारचा पडदा, ब्रिजवरचे बोलणे, सगळे त्यात साठते. वर सांगितलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिथे असतात. पण ती नोंद वेळेत बाजूला काढून ठेवली नाही तर ठरावीक तासांनी नवी नोंद जुनीवर चढते. जुन्या मानकाच्या यंत्रांत ही मुदत 12 तासांची होती, 2014 च्या जुलैपासून बसवल्या जाणाऱ्या यंत्रांत ती बरीच वाढली आहे. होडीच्या बाजूने पुरावा काय? फुटलेली फळी, आणि वाचलाच तर एखादा खलाशी, ज्याने अंधारात किंवा पावसात फक्त एक काळी भिंत अंगावर येताना पाहिली.

आपल्या किनाऱ्यावर हे घडलेले आहे. 1 मार्च 2012 च्या पहाटे केरळात आलप्पुळाजवळ सिंगापूरच्या झेंड्याखालील ‘प्रभू दया’ या जहाजाची धडक मासेमारी होडीला बसली, पाच मच्छीमार गेले. 11 जून 2017 ला कोचीजवळ पनामाच्या झेंड्याखालील ‘अंबर एल’ने ‘कार्मेल माता’ या होडीला धडक दिली, तिघे गेले. 2021 च्या एप्रिलमध्ये मंगळुरूच्या समुद्रात कंटेनर जहाज आणि मासेमारी होडी यांच्या टकरीत होडीवरच्या 14 जणांपैकी दोघेच वाचले. यातल्या पहिल्या दोन प्रकरणांत तर कोणते जहाज होते इथूनच शोधाला सुरुवात झाली. होडीला धडकून गेल्याचे मोठ्या जहाजाला खरोखर जाणवले नसेल, हेही शक्य आहे. पण मग त्या पट्ट्यातून त्या वेळी गेलेल्या प्रत्येक जहाजाची नोंद राखून ठेवणे हाच एक मार्ग उरतो.

12 सागरी मैलांपलीकडे टक्कर झाली तर आणखी एक भिंत उभी राहते. समुद्रविषयक संयुक्त राष्ट्रांच्या कायद्यातील 97 व्या कलमानुसार अशा टकरीबद्दल कॅप्टनवर किंवा अधिकाऱ्यावर फौजदारी कारवाई करता येते ती जहाजाच्या झेंड्याच्या देशाला किंवा त्या अधिकाऱ्याच्या देशाला. म्हणजे आपल्या होडीतले लोक गेले तरी फौजदारी खटल्याची गुरुकिल्ली अनेकदा पनामा किंवा लायबेरियाच्या हाती असते. नुकसानभरपाईचा दावा मात्र 2017 च्या नौकाधिकरण कायद्याखाली मुंबईसह किनाऱ्यावरच्या उच्च न्यायालयांत करता येतो, जहाज अडकवताही येते. पण त्या दाव्यात पुन्हा तोच प्रश्न : पुरावा?

हे आत्ताच का लिहितो? ऑगस्ट 2024 मध्ये पालघरजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. 76 हजार कोटी रुपयांहून मोठा हा प्रकल्प पूर्ण होईल तेव्हा जगातली मोठी कंटेनर जहाजे डहाणू-सातपाटीच्या मासेमारीच्या पट्ट्यात रोज येतील. बंदर हवे की नको, हा वेगळा वाद आहे आणि तो मोठा आहे. पण ते झाले तर सरींच्या दिवसांत डोलजाळी आणि कंटेनर जहाजे एकाच पाण्यात असणार. त्याच पायाभरणीच्या कार्यक्रमात मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. चांगली योजना आहे, तांडेलाला किनाऱ्याशी संपर्क मिळेल. पण उपग्रहामार्फत किनाऱ्याशी बोलणारे यंत्र शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर होडी उमटवत नाही. टक्कर टाळायची तर होडी तिथेच दिसली पाहिजे.

म्हणून महोदय, आपल्याकडे चार मागण्या आहेत.

पहिली : मच्छीमार नौकेची टक्कर झाल्याची किंवा ती बेपत्ता झाल्याची खबर आली की त्या पट्ट्यातून त्या वेळेत गेलेल्या सर्व जहाजांना, झेंडा कोणताही असो, प्रवासनोंद तत्काळ राखून ठेवण्याची सूचना त्याच तासात जावी. भारतीय बंदरात येणाऱ्या जहाजाने ती राखली नसेल तर बंदरातील तपासणीत त्याची दखल घेतली जावी.

दुसरी : अशा प्रत्येक टकरीच्या चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा आणि त्याचा सारांश मराठी, कोंकणी, मल्याळम, गुजराती अशा किनाऱ्याच्या भाषांत निघावा. ब्रिटनची सागरी अपघात चौकशी शाखा आपले अहवाल लोकांसमोर खुले ठेवते. त्यांचा हेतू दोषी शोधण्याचा नसतो, पुन्हा तसे घडू नये हा असतो. आमच्या तांडेलालाही ‘काय चुकले’ हे वाचायला मिळाले पाहिजे.

तिसरी : दृश्यता ठरावीक अंतराखाली गेली की मुंबई, जवाहरलाल नेहरू आणि पुढे वाढवण बंदराच्या वाटेवर मोठ्या जहाजांसाठी वेगाची मर्यादा लागू व्हावी, आणि दाट मासेमारीचे पट्टे नकाशावर व नौवहन सूचनांत हंगामानुसार दाखवावेत.

चौथी : रडारवर ठसठशीत उमटणारा धातूचा परावर्तक, चालणारा भोंगा आणि जहाजांना दिसेल असे ओळख-यंत्र, या तीन वस्तू लहान होड्यांना अनुदानात मिळाव्यात. सोबत 19 वा आणि 35 वा नियम सोप्या मराठीत छापून प्रत्येक मासेमारी बंदरावर लावावा. तो वाचूनही पहारा न ठेवणाऱ्या तांडेलाची बाजू आम्हीही घेणार नाही.

या मागण्यांत नव्या शोधाची काहीच गरज नाही. नियम 1977 पासून लागू आहेत, नोंदयंत्रे जहाजांवर बसलेली आहेत, न्यायालये आहेत. जोडायचे राहिले आहे ते एवढेच की धुक्यात काय घडले हे सांगणारी नोंद, ज्याच्याकडे ती नाही त्याच्यापर्यंतही पोहोचावी. ते झाले तर दोषाचे प्रमाण ठरवताना होडीच्या वाट्याला आपोआप जास्त दोष येणार नाही आणि जहाजावरही खोटा आरोप टिकणार नाही.

पहिल्या मागणीसाठी फार खर्च लागत नाही, लागते ते एक परिपत्रक. होड्या पुन्हा दर्यात उतरण्यापूर्वी, येत्या नारळी पौर्णिमेआधी, ते आपण काढावे, ही विनंती.

आपला,
कोकण किनाऱ्यावरचा एक रहिवासी